घरातली भाषा कोण घालवते? बोनादुट्स गावाची गोष्ट



सकाळी चहात पाव बुडवून खाताना हा शब्द कुठून आला, याचा विचार आपण कधी केला आहे काय? तो आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, आणि त्याचे मूळ आहे जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत. त्याच लॅटिनची आणखी एक लेक स्वित्झर्लंडच्या आल्प्स डोंगरात नांदते. तिचे नाव रोमान्श. तिच्यात पावाला 'पाउन' म्हणतात. म्हणजे आपला पाव आणि त्यांचा पाउन ही एकाच आजीची नातवंडे!

या रोमान्शची एक गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट परक्या मुलखातली असली, तरी माणसे आपल्यासारखीच आहेत. गाई पाळणारी, उन्हाळ्यात त्या उंच कुरणावर चढवणारी, थंडीसाठी गवत वाळवून गंजी घालणारी.

नदीकाठचे गाव

ऱ्हाईन नदीचे दोन फाटे जिथे एक होतात, त्या संगमाजवळ बोनादुट्स हे गाव आहे. रोमान्शमध्ये त्याला पानादुट्स म्हणतात. रोमन सैन्याने हा डोंगराळ मुलूख इसवी सनापूर्वी १५ मध्ये जिंकला. पुढे तिथल्या लोकांच्या तोंडी लॅटिन रुळली आणि तिचीच रोमान्श झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बोनादुट्समध्ये घरी, शेतावर, चावडीवर रोमान्शच चाले. आज तिथे जर्मन बोलतात.

मग झाले काय? कोणी फौज आणली का? तसे काहीच झाले नाही.

पाणी हळूहळू मुरले

गावाजवळचे मोठे शहर म्हणजे कूर. तेही एकेकाळी रोमान्श बोलत असे. १४६४ साली तिथे मोठी आग लागली. शहर पुन्हा उभारायला जर्मन बोलणारे कारागीर आले आणि शहराची भाषा पालटली, असे सांगतात. तेव्हापासून रोमान्श मुलखाला स्वतःच्या भाषेचे मोठे शहर राहिले नाही. बाजार, कचेरी, वकील, डॉक्टर, कशासाठीही कूरला जावे तर जर्मन हवी. १८९६ साली कूरहून तुसिसला जाणारी आगगाडी बोनादुट्सवरून धावू लागली आणि शहर आणखी जवळ आले.

पीडर काविजेल्ली या अभ्यासकाने या गावाची भाषा कशी बदलली, यावर १९६९ साली एक पुस्तकच लिहिले. अशा गावांत गोष्ट साधारण एकाच वाटेने जाते. ती वाट नीट पाहा.

आधी गावकरी कामापुरती जर्मन शिकतात. त्यात काही वावगे नाही. बाहेरचा कोणी गावात राहायला आला, तर सुरुवातीला तोच रोमान्श शिकतो, नाही तर त्याचे चालत नाही. पण गावातल्या साऱ्यांनाच जर्मन येऊ लागली, की नव्या माणसाला रोमान्श शिकण्याची गरजच उरत नाही. पाचजण रोमान्श बोलत बसलेले असावेत, सहावा जर्मन येऊन बसला की पाचही जण त्याच्यासाठी भाषा बदलतात. हा त्यांचा चांगुलपणाच. पण रोज असे झाले, की ओट्यावरची भाषा जाते.

मग येते शेवटची पायरी. आईबाप आपसांत रोमान्श बोलतात, पण लेकराकडे वळून जर्मन बोलतात. 'पोराला शाळेत अडू नये, नोकरी मिळावी,' एवढाच हेतू. लेकराला रोमान्श कळते, पण ते उत्तर जर्मनमध्ये देते. पुढे ते लेकरू आईबाप होते, तेव्हा त्याच्यापाशी आपल्या मुलांना द्यायला ती भाषाच नसते. दोन पिढ्यांत धागा तुटतो. आणि तो तुटतो मायेपोटी, हेच या गोष्टीतले मोठे दुःख आहे.

वरच्या खोऱ्यातले दुसरे गाव

आता त्याच नदीच्या काठाने वर चला. तिथे डिजेंटिस हे गाव लागते. त्याचे रोमान्श नाव मुस्टेर. जर्मन तिथल्या मोठ्या माणसांनाही उत्तम येते. तिच्यावाचून त्यांचेही चालत नाही. पण तिथे मुलाशी घरी रोमान्श बोलतात, शाळेचे पहिले धडे रोमान्शमध्ये होतात आणि जर्मन नंतर येते. मुले दोन्ही भाषांत तयार होतात. ते गाव वरच्या खोऱ्यात आहे, याचाही त्याला आधार मिळाला, हे खरे.

सरकारनेही हात दिला. १९३८ साली स्विस जनतेने मोठ्या बहुमताने रोमान्शला राष्ट्रभाषांत स्थान दिले. ज्या ग्राउब्युंडेन प्रांतात ही गावे आहेत, तिथे २००६ साली भाषेचा कायदा झाला. गावात ४० टक्के लोक रोमान्श भाषक असतील, तर गावाचा कारभार रोमान्शमध्ये चालतो. २० ते ४० टक्के असतील, तर दोन्ही भाषांत. तरीही आज सुमारे ६० हजार लोकच ही भाषा बोलतात. कायदा कचेरीपर्यंत पोचतो, चुलीपर्यंत पोचत नाही. तिथे आईच्या तोंडचा शब्दच लागतो.

यातून घ्यायचे काय?

बोनादुट्सचे लोक जर्मन शिकले ही चूक नव्हती. पोटासाठी, पोरांच्या भल्यासाठी ती शिकायलाच हवी होती. पण एक आली म्हणून दुसरी सोडावी लागते, असे त्यांना वाटले, तिथे गफलत झाली. गोठ्यात नवी गाय आणली म्हणून जुनी दुभती गाय कोणी सोडून देते का? डिजेंटिसच्या घरांनी दोन्ही राखल्या.

तेव्हा मंडळी, लेकराला जगाची भाषा जरूर शिकवा. पण संध्याकाळी ते दारात आले, की त्याला हाक कोणत्या भाषेत मारायची, हे कोणतेही सरकार ठरवत नाही. ते आपल्याच हाती आहे.