व्हेप सिगारेटपेक्षा बरे, पण कोणासाठी?

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य एकच: 'सिगारेटपेक्षा हे बरे.' छत्रपती संभाजीनगरात नीटच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या क्लाससाठी मराठवाड्यातल्या गावांतून आलेली, खोली करून राहणारी कितीतरी मुले आहेत. त्यांच्या मोबाइलपर्यंत हे वाक्य आईवडिलांच्या आधी पोहोचते. त्यामागे एक आकडाही आहे. इंग्लंडच्या 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये ई-सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले. हा आकडा कुठे मोजून काढलेला नव्हता, काही तज्ज्ञांनी बांधलेला तो अंदाज होता, आणि त्यावर तेव्हाच वादही झाला. तरी तो क्षणभर खरा धरू. ती तुलना रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाची होती. अशा माणसाने सिगारेट पूर्ण सोडून व्हेप धरले तर शरीरात जाणारे विष कमी होते, हे मान्य करायलाच हवे. पंधरा वर्षांच्या ज्या मुलाने कधी सिगारेट हातात धरली नाही, त्याची तुलना मात्र स्वच्छ फुफ्फुसाशीच करावी लागेल. महाराष्ट्रात तर हा युक्तिवाद आणखी लंगडा पडतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात धूर काढणारे होते ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे, गुटखा खाणारे आणि मिश्री लावणारे होते २४.४ टक्के (काही जण दोन्हींत मोजले गेले आहेत). ज्या व्यसनावरचा उतारा म्हणून व्हेप सांगितले जाते, ते व्यसन आपल्याकडे मुळात थोड्यांनाच आहे.

दुसरा गैरसमज असा की व्हेपमध्ये नुसती पाण्याची वाफ असते. ही वस्तू जवळून पाहिली तर तो टिकत नाही. हायलायटर किंवा पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या कवचात एक छोटी लिथियम बॅटरी, धातूची बारीक गुंडाळी आणि द्रवात भिजलेला कापूस असतो. तोंडाने ओढले की आतला सेन्सर बॅटरी चालू करतो, टोकाचा दिवा लागतो, गुंडाळी तापते आणि कापसातला द्रव उडतो. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. तो तापल्यावर फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होऊ शकतात, गुंडाळीतले निकेल, क्रोमियम यांसारखे धातूही अतिसूक्ष्म थेंबांबरोबर खाली उतरतात. 'फ्लेवर तर आइस्क्रीममध्येही असतो' असे यावर म्हटले जाते. असतो, पण ते स्वाद पोटात जाण्यासाठी तपासलेले आहेत. फुफ्फुसाला जठरासारखे पचवता येत नाही, तिथे गेलेले थेट नाजूक अस्तराला भिडते. आंबा, पुदिना, बबलगम यांचे काम घसा मऊ करून पहिला झुरका सोपा करणे एवढेच.

सगळ्यात मोठा धोका मात्र निकोटीनचा आहे, आणि तोच सगळ्यांत कमी दिसतो. पूर्वीच्या द्रवांतले निकोटीन घशाला झोंबायचे, त्यामुळे नवख्याला आपोआप आवर बसायचा. नंतर निकोटीनमध्ये आम्ल मिसळून त्याचे क्षार करण्याची युक्ती आली. ते झोंबत नाहीत, म्हणून मुलालाही तीव्र मात्रा सहज ओढता येते. अमेरिकेत गाजलेल्या जूल कंपनीच्या पाच टक्के निकोटीनच्या एका पॉडमध्ये (द्रवाच्या छोट्या कुपीत) साधारण एका पाकिटातल्या सिगारेटींइतके निकोटीन होते. सिगारेट जळून संपते, तिथे थांबावे लागते. व्हेपला असा शेवट नाही. धूर नाही, कपड्यांना वास नाही, पलंगावर पडल्यापडल्याही ओढता येते. 'निकोटीन नाही' असे छापलेल्या द्रवांतही ते आढळल्याचे ऑस्ट्रेलियातील तपासणीत दिसले आहे. मेंदूचा निर्णय घेणारा, आवेग आवरणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात लागलेले निकोटीन लक्ष, स्मरण आणि मनःस्थिती यांवर परिणाम करते, आणि सवय प्रौढापेक्षा लवकर जडते.

इथेच अभ्यास करणाऱ्या मुलांचा समज तपासायला हवा. 'याने डोके शांत होते, वाचनात लक्ष लागते,' असे ती सांगतात, आणि खोटे सांगत नाहीत. त्यांना तसे वाटतेच. मात्र निकोटीनची सवय जडली की काही तासांत तलफ येते: चिडचिड, अस्वस्थता, ओळ वाचून पुन्हा तीच ओळ वाचणे. पुढचा झुरका ही अस्वस्थता थांबवतो आणि अभ्यासाला मदत झाली असे वाटते. प्रत्यक्षात व्हेपने स्वतःच निर्माण केलेला त्रास तेवढ्यापुरता मिटलेला असतो. चाचणी परीक्षेच्या तीन तासांत बाहेर जाता येत नाही, तेव्हा याची किंमत मोजावी लागते.

व्हेपच्या विरोधकांचेही गैरसमज आहेत, आणि तेही सांगायला हवेत. 'पॉपकॉर्न लंग' हा आजार व्हेपमुळे होतो असे संदेश फिरतात. तो आजार डायअॅसिटिल या लोणीसारख्या वासाच्या द्रव्यामुळे पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांना झाला. काही द्रवांत ते सापडलेही आहे, पण व्हेपमुळे हा आजार झाल्याचे निश्चित सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुफ्फुसाच्या गंभीर इजेचे २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ जण दगावले. त्याचा मुख्य संबंध गांजातील टीएचसी असलेल्या बेकायदा द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी निघाला. हे लपवून भीती घातली तर मूल दोन मिनिटांत मोबाइलवर खरे शोधते, आणि निकोटीनबद्दलचे आपले म्हणणेही त्याच्यालेखी खोटे ठरते. उलट त्या घटनेतला खरा धडा आपल्याच कामाचा आहे: चोरट्या बाजारातल्या द्रवात काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो: मग बंदीनेच हा चोरटा बाजार तयार केला ना? भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली, निकोटीन असो वा नसो. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, तरी टपरीवर मिळतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून बंदी पुरेशी नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण नियंत्रित विक्रीचा ब्रिटनचा मार्ग पाहा. तिथे निकोटीनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, अठराखालच्यांना विक्रीला मनाई आहे. तरी २०२३ च्या सर्वेक्षणात ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांपैकी एकाने व्हेप ओढून पाहिले होते, आणि १ जून २०२५ पासून तिथे वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणावी लागली. रंगीत, स्वस्त, गोड वस्तू दुकानात मांडली की ती मुलांपर्यंत जातेच. आपल्याकडे बंदी हवी, आणि तिची अंमलबजावणी शाळा-क्लासच्या आसपासच्या टपऱ्यांवर व ऑनलाइन विक्रेत्यांवर दिसायला हवी.

या कायद्यात व्हेप ओढणे हा गुन्हा नाही, गुन्हा विकणाऱ्याचा आहे. हे पालकांना माहीत नसते, त्यामुळे दप्तरात ती वस्तू सापडली की पोलिसांच्या आणि बदनामीच्या धास्तीने घरातल्या घरात मारझोड होते आणि विकणारा सुटतो. मुलाला विचारायचे ते कुठून आणलेस आणि सकाळी उठल्यावर किती वेळात लागते, हे. उठल्याउठल्या लागत असेल तर सवय पक्की झाली आहे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वांत जड जातात. झोप बिघडते, मूल उद्धट बोलते, अभ्यासात मन लागत नाही, आणि हे सगळे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते.