दहावा भाग दुसरा कसा झाला?

श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची हिंदी मालिका २ मार्च २०१४ रोजी तेव्हाच्या राज्यसभा वाहिनीवर सुरू झाली. तारीख काळाराम सत्याग्रहाची, हे नाशिककरांना सांगायला नकोच.

ती पेनड्राइव्हवर घेऊन मुलांना दाखवायची, तर फाइलींना नुसते १, २, ३ असे आकडे देऊ नका. बरेच टीव्ही फाइली शब्दकोशासारख्या लावतात. आधी १, लगेच १०, मग २! म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान मंजूर होते आणि घटना समितीतले वादविवाद त्यानंतर सुरू होतात. मुले काय समजणार?

उपाय फुकटचा आहे. एक आकडी अंकामागे शून्य लावा: ०१, ०२, शेवटी १०. शेकडो भाग असतील तर ००१ पासून. बाबासाहेबांवरील 'महामानवाची गौरवगाथा' ही मराठी आणि 'एक महानायक' ही हिंदी, अशा दोन्ही लांबलचक मालिका २०१९ मध्येच सुरू झाल्या. नुसते 'आंबेडकर २०१९' लिहिले तर दोन्हींची खिचडी होते. प्रत्येकीचा फोल्डर वेगळा, नाव पूर्ण.

काही टीव्ही मात्र नाव बघतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने चढवल्या त्याच क्रमाने दाखवतात. त्यांच्यासाठी भाग एकेक करून, पहिल्यापासून चढवावेत.