अल्कोहोलमधला हायड्रोजन कोठे जातो?

कुकडी आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगाव भागात ऊस वाढला आणि निवृत्तीनगरचा विघ्नहर व पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या रसातून साखर काढल्यावर मळी उरते. मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले की इथेनॉल, म्हणजे आपल्या परिचयाचे अल्कोहोल, मिळते. ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळतात. पण इतर रसायने बनवण्यासाठीही तो उत्तम कच्चा माल आहे.

इथेनॉलची वाफ सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या तांब्यावरून नेली, तर रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू सुटतात. एक ऑक्सिजनला जोडलेला, दुसरा त्याच्या शेजारच्या कार्बनला जोडलेला. ४६ ग्रॅम इथेनॉलपासून ४४ ग्रॅम अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि २ ग्रॅम हायड्रोजन, असा हा हिशेब आहे. ‘अल्डिहाइड’ हे नावच लीबिग यांनी १८३५ साली ‘हायड्रोजन काढलेले अल्कोहोल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून बनवले.

मग तांबेच का? विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील पॉल साबातिए (१९१२ चे नोबेल मानकरी) आणि सेंडरेन्स यांनी वेगवेगळे धातू वापरून पाहिले. निकेलही हायड्रोजन काढते, पण तेवढ्यावर थांबत नाही. ते कार्बन-कार्बन बंधही तोडते. मग मिथेन व कार्बन मोनॉक्साइड मिळतात. तांबे हा बंध सहसा तोडत नाही. तापलेल्या अ‍ॅल्युमिनावर मात्र इथेनॉलमधून पाणी निघून जाते आणि इथिलीन मिळते. थोडक्यात, कोणता बंध तुटणार हे उत्प्रेरकावर अवलंबून असते. क्रियेसाठी लागणारी उष्णता, दर मोलला सुमारे ६९ किलोज्यूल, उत्प्रेरक कोणताही असला तरी बाहेरूनच पुरवावी लागते.

वर्गात येथे एक घोटाळा होतो. तापवून काळी पडलेली तांब्याची तार स्पिरिटमध्ये बुडवली की पुन्हा लालसर चमकते. यालाच काही वेळा विहायड्रोजनीकरण म्हटले जाते. पण येथे मुख्यतः तारेवरच्या कॉपर ऑक्साइडमधील ऑक्सिजन हायड्रोजनशी संयोग पावून पाणी बनते. हे ऑक्सिडीकरण झाले. ऑक्साइड त्यात खर्च होते. प्रयोग करायचाच तर ज्योतीपासून दूर, मोकळ्या हवेत, चार थेंबांवर करावा. वाफा हुंगू नयेत.

आम्ही सुचवतो, की विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारावेत. हायड्रोजन कोठे गेला? आणि क्रियेच्या शेवटी तांबे सुरुवातीसारखेच राहिले का? ज्याला ही उत्तरे देता आली, त्याला उत्प्रेरक समजला.