दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर नको

तागा घेताना आपण कापड बोटांत चोळून पाहतो, पन्हा मोजतो, किनार तपासतो आणि मग भावाला हात घालतो. वेबसाइट बनवायची वेळ आली की मात्र पहिलाच प्रश्न, “किती घेणार?” जो सर्वांत कमी रक्कम सांगेल त्याला काम देऊन आपण मोकळे होतो. इतरांना कशाला बोल लावू, मीही हेच केले.

मालेगावात साड्या-लुंग्यांच्या घाऊक व्यापारात माझी उमर गेली. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाकडून पेढीची वेबसाइट करून घेतली. काम देखणे झाले. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला आणि एके दिवशी इंदूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, “शेठ, तुमची साइट उघडत नाही.” चौकशी केली तेव्हा कळले की आमचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, त्याने स्वतःच्या ई-मेलवर नोंदवले होते. डॉट कॉम नावाची मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि पुन्हा एक आठवडा अशा सूचना नोंदणी कंपनीला पाठवाव्याच लागतात. त्या गेल्याही असतील, पण त्याच्या जुन्या ई-मेलवर. नाव सुटले आणि दुसऱ्याच कोणी घेतले. इकडे आमच्या बिलबुकांवर, पिशव्यांवर, कार्डांवर तेच छापलेले!

म्हणून बांधवांनो, डिझायनर कितीही भरवशाचा असो, डोमेनचे आणि होस्टिंगचे खाते आपल्याच नावाने, आपल्या ई-मेल व मोबाइल नंबरावर उघडावे. होस्टिंग म्हणजे वेबसाइटचा माल ठेवण्याचे भाड्याचे गोदाम समजा. भाडे आपण भरावे, डिझायनरला कामापुरती चावी द्यावी. याला जो नाखूष असेल त्याच्याशी सौदाच करू नये.

दुसरी गोष्ट लिखापढीची. बाहेरच्या माणसाकडून मजकूर किंवा प्रोग्राम लिहून घेतला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लेखी करार नसेल तर, त्याचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो. पैसे चुकते केले म्हणून तो आपोआप आपला होत नाही. करार करून मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षेच धरतो. एक कागद करायला कितीसा वेळ लागतो? वकिलाला एकदा दाखवावा.

त्याने आधी केलेल्या दोन-तीन वेबसाइट स्वतःच्या मोबाइलवर उघडाव्यात, त्याच्या कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर नव्हे. आपले गिऱ्हाईक बाजारात उभ्या-उभ्याच पाहणार आहे. फोटो जड असतील तर साडी दिसण्याआधीच तो पुढे जातो. त्या वेबसाइटच्या मालकांना फोनही करावा: भाव बदलायला सांगितले तर किती दिवस लागतात? माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे मला एक पान उर्दूतही हवे होते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, त्याची मांडणी वेगळी करावी लागते. हे काम ज्याने कधी केलेले नाही, तो आधी “हो, होईल” म्हणतो आणि मग वाक्यातला पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसतो.

दुसऱ्या वेळी धुळ्याची एक मुलगी निवडली. तिने पहिल्यापेक्षा बरेच जास्त पैसे घेतले, तेही तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता सर्व चाव्या हाती दिल्यावर. खाते तिने माझ्याच समोर बसून माझ्याकडून उघडवून घेतले. पासवर्ड माझ्याकडे आणि थोरल्या मुलाकडे आहे. नाव मात्र नवे घ्यावे लागले, आणि जुन्या पिशव्यांचा गठ्ठा अजून गोदामात पडून आहे.