विजेचा पाण्यातला हिशेब

ऊर्जेवरच्या आपल्याकडील चर्चेत दोन रकाने ठरलेले असतात. एकात कोळसा, तेल आणि वायू, म्हणजे संपणारी इंधने. दुसऱ्यात पाणी, वारा आणि ऊन, म्हणजे न संपणारी. पहिला रकाना वाईट, दुसरा चांगला, असे म्हणून चर्चा संपते. मी अभियंता नाही. हिशेबनिसाची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात विजेवरचे अहवाल वाचत गेलो. त्या वाचनातून एक गोष्ट पटत गेली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा हिशेब आधी पाण्यात मांडला पाहिजे. तसा मांडला की रकाने बरेच हलतात.

सुरुवात परळी वैजनाथपासून करू. येथील औष्णिक केंद्र कोळशावर चालते, आणि कोळसा रेल्वेने दुरून येतो. तरी २०१३च्या फेब्रुवारीत हे ११३० मेगावॅटचे केंद्र बंद पडले ते पाण्यावाचून. मराठवाड्यात दुष्काळ होता आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात केंद्राला पुरेल इतके पाणी उरले नव्हते. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

कोळशाच्या केंद्राला पाणी का लागते? कोळसा जाळून वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि मग ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचे, असा हा कारभार आहे. कोळशातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच वीज होतो. उरलेल्या उष्णतेचा बराचसा वाटा शीतक मनोऱ्यांतून पाण्याची वाफ होऊन आकाशात जातो. रुंद बुडाच्या त्या मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट म्हणजे बहुतांशी नदीचे पाणीच असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये अशा जुन्या केंद्रांसाठी मर्यादा घातली ती एका युनिटमागे साडेतीन लिटरची. या मर्यादेत राहूनही ११३० मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर रोज सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी ५५ लिटरचा आहे. त्या मापाने हे सतरा लाख माणसांचे पाणी झाले. राख आणि धूर यांचा हिशेब वेगळाच.

आता दुसऱ्या रकान्यातील आपले सर्वांत मोठे नाव घेऊ, कोयना. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. धूर नाही, राख नाही. शिवसागर दर पावसाळ्यात भरतो, म्हणून इंधन न संपणारे. पण कोयना ही कृष्णेची उपनदी आहे. तिचे पाणी स्वभावाने पूर्वेला, कराडकडे जाते. विजेसाठी ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले, पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पाडले, कोळकेवाडीला अडवून आणखी एकदा वापरले आणि मग वाशिष्ठीत सोडले. वाशिष्ठी ते चिपळूणवरून अरबी समुद्राला देते. दोन्ही पडाव धरून एका युनिटला साधारण सातशे लिटर पाणी लागते, असा माझा हिशेब निघतो. हे पाणी चक्रातून जसेच्या तसे बाहेर पडते, पण कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने ते कायमचे गेलेले असते.

पाणीवाटप लवादाने या पश्चिमेच्या वळणाला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. एवढ्या पाण्यातून पावणेतीनशे कोटी युनिटच्या आसपास वीज निघते. यंत्रे वर्षभर अखंड फिरली असती तर सतराशे कोटी युनिट निघाली असती. म्हणजे कोयनेची यंत्रे सरासरीने दिवसाला जेमतेम चार तास पूर्ण क्षमतेने चालतात. हा कमीपणा मुळीच नाही. घरोघरी दिवे लागतात त्या वेळी काही मिनिटांत यंत्र सुरू करता येणे, हेच कोयनेचे खरे मोल आहे. थंड पडलेला कोळशाचा संच पेटायला कित्येक तास लागतात.

पण याच नदीची पूर्वेकडील बाजूही पाहू. कोयना कराडला कृष्णेला मिळते. तिथून थोडे खाली टेंभूला कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, सांगोल्याकडच्या दुष्काळी भागाला दिले जाते. त्या पंपांना वीज लागते. म्हणजे एकाच खोऱ्यात पश्चिमेला पाणी खाली पाडून वीज काढायची आणि पूर्वेला वीज खर्चून पाणी वर चढवायचे, असा व्यवहार चालू आहे. शिवाय धरणासाठी गावे उठली. त्या कुटुंबांतल्या कित्येकांना जमिनीसाठी पुढे कित्येक दशके मोर्चे काढावे लागले. न संपणारे असते ते फक्त इंधन. खोरे आणि गावठाण दर पावसाळ्यात नव्याने उगवत नाहीत.

तिसरा साधन-प्रकार उन्हाचा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. येथे वाफ नाही, त्यामुळे शीतक मनोरा नाही. पाणी लागते ते काचा धुवायला. ते युनिटमागे लिटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसते. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॅटमागे वर्षाला साधारण सोळा लाख युनिट मिळतात. आता कोयनेशी ताळा घालू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३० कोटी लिटर. पश्चिमेला वळवले तर त्यातून चार कोटी युनिट निघतात. तेवढी युनिट द्यायला २५ मेगावॅटची सौर पॅनेले पुरतात. साक्रीएवढा एक प्रकल्प पाच टीएमसीच्या बरोबरीचा झाला.

हा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. पॅनेलची वीज दुपारची असते, कोयनेची संध्याकाळची. युनिटला युनिट जुळले, तरी वेळेला वेळ जुळत नाही. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखायची तर साठवण हवी. घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. तिथे मागणी नसताना पाणी वरच्या तळ्यात चढवतात आणि मागणीच्या वेळी खाली सोडतात. चार युनिट घातली तर तीनच्या आसपास परत मिळतात. म्हणजे साठवणुकीला खर्च आहे. जमिनीचाही प्रश्न आहे. मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतात, आणि सरकारी कागदात पडीक दिसणारे रान पुष्कळदा कुणाच्या तरी शेळ्या-मेंढ्यांचे चराऊ रान असते.

तरीही पाण्याच्या मापाने पाहिले तर क्रम स्पष्ट दिसतो. जिथे माणसांना टँकरची वाट पाहावी लागते तिथले कोळशाचे संच सर्वांत आधी निवृत्त व्हावेत. दिवसाची गरज शक्य तितकी उन्हावर न्यावी. टेंभूसारख्या योजनांचे पंप दिवसा चालवता येतात, तेव्हा त्यांना दुपारची वीज साठवणुकीवाचून चालेल. कोयनेचे पाणी संध्याकाळच्या घाईसाठी राखावे. आणि साठवण वाढेल तसतसा पश्चिमेला जाणारा एकेक टीएमसी पूर्वेला परत देता येईल का, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे मांडावा.

विजेचा दर आपण युनिटमागे किती रुपये असा विचारतो. बिलावर तोच आकडा छापलेला असतो. त्याच्या शेजारी युनिटमागे किती लिटर, आणि ते कुठल्या खोऱ्यातले, हे दोन आकडे छापायला फारशी शाई लागणार नाही. ते छापले गेले, तर कोणती ऊर्जा चांगली याचे उत्तर आटपाडीच्या आणि परळीच्या माणसालाही स्वतःच्या आकड्यांनी देता येईल.