सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी मेटल!

कानठळ्या बसवणारं संगीत, काळ्या टी-शर्टांचा समुद्र आणि त्यात वही-पेन सांभाळत उभी असलेली एक पार्ट-टाइम पत्रकार. मेटल फेस्टिवल कव्हर करणं म्हणजे नेमकं काय असतं?

तुमच्या ऑफिसात एक तरी असा असतोच. सोमवारी सकाळी मान आखडलेली, आवाज बसलेला. 'काय रे, उशी बदलली का?' असं विचारलं की नुसता गालातल्या गालात हसणार. आयकार्डवर तो अकाउंट्सवाला असतो, शर्ट इस्त्रीचा असतो, एक्सेल शीटमध्ये त्याची एक चूक सापडत नाही. पण शनिवारी संध्याकाळी स्टेजसमोर त्याला बघाल तर ओळख पटणार नाही. मोकळे सोडलेले केस, काळा टी-शर्ट, त्यावर कुणालाच वाचता येणार नाही असा बँडचा लोगो. हा प्राणी मेटलहेड आहे, बॉस!

या गर्दीत मीही असते. फरक इतकाच, की माझ्या कानात इअरप्लग असतात आणि हातात वही. आठवडाभर मी जाहिरातींच्या कॉपी, कंपन्यांची वार्तापत्रं, शाळांच्या पुरवण्या असं मिळेल ते लिहिते. त्यातून घरभाडं निघतं. वीकेन्डला म्युझिकवर लिहिते, त्यातून निघालंच तर पुण्याचं जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन वडापाव.

फुकटात कॉन्सर्ट? जरा थांबा...

'तुझी मजा आहे, फुकटात शो बघायला मिळतात!' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर फक्त मान हलवते. मजा आहेच, पण कामही आहे. आधी आयोजकांना मेल, मग पास आला की नाही याची धाकधूक, मग गेटवर 'मॅडम, लिस्टमध्ये तुमचं नाव नाही'. आत गेलात की पहिला शोध बाथरूम आणि चार्जिंग पॉइंटचा. फोटोग्राफर मित्राची वेगळीच धावपळ. बहुतेक ठिकाणी स्टेजसमोरच्या मोकळ्या पट्टीत त्याला पहिली तीन गाणीच उभं राहू देतात, आणि तीही फ्लॅश न वापरता. तेवढ्यात जमलं ते जमलं.

मुलाखती होतात साउंडचेक आणि सेट यांच्या मधल्या दहा मिनिटांत, जनरेटरच्या शेजारी. रेकॉर्डरवर आवाज कमी, घरघर जास्त. रात्री दहाच्या आसपास शो संपतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर आवाज बंद म्हणजे बंद. मग सगळे जेवायला जातात आणि मी रिक्षात बसून मोबाइलवर लिहायला लागते. कॉपी रात्रीच हवी असते. मानधनाची घाई मात्र कुणालाच नसते!

ग्रोलला मराठीत काय म्हणणार?

खरी कसोटी इथे आहे. इंग्रजीत मेटलचे शब्द तयार आहेत. मराठीत वाचकाला ग्रोल, ब्लास्ट बीट, ब्रेकडाउन असं नुसतं लिहून दिलं तर तो पान उलटणार. मग मी शब्द गावाकडून उचलते. गाव म्हणजे दासगाव, महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या खाडीकाठचं.

ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमरचे हातपाय एकाच वेळी इतक्या वेगात चालतात, की ठोके वेगळे मोजताच येत नाहीत. आमच्याकडे जुलैतला पाऊस पत्र्याच्या छपरावर पडतो ना, अगदी तसं. ब्रेकडाउन म्हणजे सुसाट चाललेलं गाणं एकदम निम्म्या वेगावर उतरतं आणि प्रत्येक ठोका छातीत बसतो. पोलादपूर सोडल्यावर कशेडी घाटात एसटीचा ड्रायव्हर गिअर उतरवतो तेव्हा अख्खी गाडी कशी हुंकारते? तसं. आणि ग्रोल म्हणजे नुसतं ओरडणं नाही. घशातून नीट दाब देऊन काढलेला, शिकून कमावलेला आवाज आहे तो. न शिकता प्रयत्न कराल तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये खुणांनी बोलावं लागेल.

असं लिहिलं की एखादा वाचक कळवतो, 'अहो, आता ऐकून बघतो.' ही माझी खरी कमाई.

इथे सगळेच पार्ट-टाइम

आता एक गंमत बघा. जी गोष्ट आपल्याला फुलटाइम बंडखोरी वाटते, तिचा जन्मच मुळी नोकरीतून झालाय. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची हीच बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, गिटारला हलक्या तारा लावल्या, पुढे तर सूरच खाली उतरवला. त्यातून जो जड, काळाकुट्ट आवाज निघाला, तो १३ फेब्रुवारी १९७० ला 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या अल्बममधून जगानं ऐकला. ५ जुलै २०२५ ला याच बँडनं बर्मिंगहॅममध्ये शेवटचा शो केला आणि त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी गायक ऑझी ऑस्बर्न गेला. महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा माझा मावसभाऊ हेडफोन लावून 'ब्लॅक सॅबथ' ऐकतो. कारखान्यातून आलेलं संगीत कारखान्याच्या बसमध्ये. त्याला यात काहीच विशेष वाटत नाही.

दुसरं उदाहरण 'आयर्न मेडन'चं. १७ मार्च २००७ ला त्यांचा शो बेंगळुरूत झाला तेव्हा मुंबई-पुण्याची पोरं गाड्या भरून गेली होती. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ ला, त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच शो मुंबईत झाला. बँड आला स्वतःच्या खास बोइंग ७५७ विमानातून, आणि विमान चालवत होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन! तो एका विमान कंपनीत नोकरी करणारा परवानाधारक पायलट होता. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल गायकांपैकी एकाकडेही दुसरं आयकार्ड होतंच.

आपल्या मुंबईचा साहिल मखिजा घ्या. २००० साली त्यानं 'डेमॉनिक रेझरेक्शन' सुरू केला. २०१० मध्ये या बँडनं ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार पटकावला. २०१७ मध्ये त्यांनी विष्णूच्या अवतारांवर 'दशावतार' नावाचा अख्खा अल्बम केला. मत्स्य, कूर्म, वराह, आणि मागे डबल बेस ड्रम! पण साहिलला कितीतरी लोक ओळखतात ते 'हेडबँगर्स किचन' या त्याच्या कुकिंग शोमुळे. तिथे तो कीटो डाएटचे पदार्थ शिकवतो.

कारण सोपं आहे. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या मेटल बँडला ना सिनेमात जागा, ना लग्नाच्या संगीतात. वर्षाकाठी मोजके फेस्टिवल, थोडे क्लब, टी-शर्टची विक्री. त्यात अ‍ॅम्प्लिफायरचा हप्ताही फिटत नाही. म्हणून गिटारिस्ट सॉफ्टवेअरमध्ये, ड्रमर शिकवण्या घेणारा, आवाज सांभाळणारा इंजिनिअर एरवी कॉर्पोरेट इव्हेंट करणारा. स्टेजवरचे, स्टेजसमोरचे आणि स्टेजविषयी लिहिणारे, सगळे एकाच बोटीत.

'ढोल काय अर्धा वाजवतात?'

हे सगळं डोक्यात घोळतंय त्याला कारण आहे. नुकतीच मला एक फुलटाइम ऑफर आली. पगार चांगला, मेडिकल इन्शुरन्स, वर्क फ्रॉम होम. फक्त कराराच्या शेवटच्या पानावर एक ओळ : बाहेर कुठेही लेखन करता येणार नाही. आई म्हणाली, 'सही कर गो. ते धांगडधिंग्याचं लिहून कुणाचं भलं झालंय?' आईचं चुकत नाही. आजारपण आलं तर माझा प्रेस पास हॉस्पिटलच्या काउंटरवर चालणार नाही.

शिमग्याला गावी गेले तेव्हा मी हा विषय गावातल्या एका काकांकडे काढला. काका खालूबाजात ढोल वाजवतात. आमच्या भागात लग्न असो की पालखी, सनई आणि ढोलाच्या या ताफ्याशिवाय पान हलत नाही. महाडच्या वीरेश्वराचा छबिना असतो तेव्हा गावोगावच्या सासणकाठ्या याच तालावर नाचत येतात. रात्रभर जागून, घामाघूम होऊन उड्या मारणारी ती गर्दी एकदा बघा, मग मेटलच्या पिटचं काही वाटणार नाही. काका वर्षभर मुंबईत गोदामात कामाला. शिमग्याला रजा टाकून येतात आणि ढोल गळ्यात अडकवतात. मी विचारलं, 'काका, म्हणजे तुम्ही पार्ट-टाइम वादक ना?'

काकांनी माझ्याकडे बघितलं. 'पार्ट-टाइम म्हंजे काय गो? ढोल काय अर्धा वाजवतात?'

लिहिलं नाही तर?

मेटलची कव्हरेज 'छंद' म्हणून सोडून द्यायला माझं मन का होत नाही, तेही सांगते. 'इंडिपेंडन्स रॉक' हा मुंबईचा फेस्टिवल फरहाद वाडियानं १९८६ मध्ये सुरू केला. धोबी तलावचं रंगभवन हे त्याचं घर. पुढे शेजारच्या हॉस्पिटल आणि कॉलेजमुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि २०००च्या दशकाच्या सुरुवातीला रंगभवनातला आवाज थांबला. फेस्टिवल २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला, पण रंगभवनात कोण काय वाजवून गेलं, याचा बराचसा हिशेब लोकांच्या आठवणींत आहे. जो कागदावर आहे, तो अमित सैगलसारख्या माणसांमुळे. त्यानं १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. दिल्ली नाही, मुंबई नाही, चक्क अलाहाबाद! २०१२ मध्ये तो गेला.

त्या मासिकाचा एक गठ्ठा मावसभावाकडे महाडमध्ये तळमजल्यावरच्या खोलीत होता. जुलै २०२१ च्या पुरात चिखल झाला. काही अंकांची दुसरी प्रत मला अजून कुठे मिळालेली नाही.

याउलट आमच्या दासगावचं बघा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईचे प्रतिनिधी बोटीनं आले, ते दासगाव बंदराला उतरले. बंदराचं ते वैभव आता नाही. पण कोण कुठल्या वाटेनं आलं हे शंभर वर्षांनी मला सांगता येतं, कारण कुणीतरी तेव्हाच ते लिहून ठेवलं. कुठे तो इतिहास आणि कुठे आमचा गिटारचा गोंगाट! तुलना करायचीच नाही. पण रिपोर्टरचं काम काय, हे मला तिथून कळतं. तिथे हजर राहायचं, नीट बघायचं, नावं आणि तारखा बरोबर लिहायच्या.

पहिल्यांदा जाताय? हे लक्षात ठेवा

- इअरप्लग हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली मर्यादा सरासरी १०० डेसिबल आहे. स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभं राहू नका.
- मान सांभाळा. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेडबँगिंगवर चक्क अभ्यास छापून आला होता. अशा गाण्यांचा सरासरी वेग मिनिटाला १४६ ठोके. मान जितकी जास्त वळेल तितका धोका जास्त. तेव्हा वळण लहान ठेवा.
- पिटमध्ये कुणी पडलं की सगळ्यांनी थांबायचं आणि आधी त्याला उचलायचं. हा नियम कुठेच लिहिलेला नसतो, पण तो सगळे पाळतात.
- बँडचा टी-शर्ट त्यांच्याच स्टॉलवरून घ्या. त्या पैशांतून त्यांचा परतीचा प्रवास होतो.
- सोमवारची सकाळची मीटिंग शक्यतो दुपारवर ढकला!

आणि हो, त्या ऑफरचं काय झालं? मी सही केलेली नाही, नाहीही म्हटलेलं नाही. एचआरला मेल टाकलाय : सोमवार ते शुक्रवार पूर्ण तुमची, शेवटच्या पानावरची ती ओळ तेवढी काढा. उत्तर यायचंय. दरम्यान पुढच्या शनिवारचा पास आलाय, आणि या वेळी गेटवरच्या लिस्टमध्ये माझं नाव आहे.