शाळेतील खंड आणि नवा इंग्रजी शिक्षक

इंग्रजी विषय प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकास पाठाचे टाचण, फलकलेखन व उच्चार यांविषयी पुष्कळ मार्गदर्शन मिळते. परंतु शाळा मध्येच बंद पडली तर काय करावयाचे, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक संपूर्ण वर्ष अखंड चालले, असे आपल्या शाळांत क्वचितच घडते. अतिवृष्टी, साथीचे रोग, दिवाळीनंतर वीटभट्टीकडे जाणारी कुटुंबे ही कारणे आपल्या परिचयाची आहेत. कधी शिक्षकच वर्गापासून दूर जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यास अशैक्षणिक कामांतून मुक्त केले असले, तरी जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण ही कामे त्यातून वगळलेली आहेत. याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस सांगितले आहेत. दिवस भरले म्हणजे शिकणे सलग झाले, असे मात्र नव्हे.

उदाहरणादाखल मुंबईतील आरे कॉलनी घेऊ. हा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत असला, तरी तेथील परिस्थिती आपल्या पाड्यांहून फारशी निराळी नाही. शहरातील म्हशींचे गोठे हलविण्यासाठी १९४९ साली ही दुग्धवसाहत स्थापन झाली. त्याही आधीपासून तेथे वारली, कोकणा व मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. लगतच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने बिबट्याचा वावर असतो, आणि अंधार पडल्यावर मुलांस एकटे पाठविणे धोक्याचे ठरते. २६ जुलै २००५ रोजी जवळच्या सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. परंतु सर्वांत मोठा खंड पडला तो कोविडच्या साथीत. मार्च २०२० मध्ये बंद झालेले मुंबईतील प्राथमिक वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, जानेवारी २०२२ च्या आरंभी पुन्हा बंद झाले व २४ जानेवारीस परत सुरू झाले. जून २०१९ मध्ये पहिलीत बसलेले मूल वर्गात परतले ते तिसरीत.

अशा खंडाची झळ सर्व विषयांस पोहोचते. पण इंग्रजीस अधिक. कारण उघड आहे. मराठी मुलाच्या कानावर शाळेबाहेरही पडते. हिशेब दुकानात होतो. इंग्रजी मात्र पाड्यावर कोणी बोलत नाही. ज्या घरी वारली बोलली जाते, तेथील मुलास पुस्तकातील मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की, विसरणे आरंभीच्या काळात सर्वांत वेगाने होते, आणि अंतराअंतराने उजळणी केल्यास पाठ केलेले अधिक टिकते. शाळेचा खंड म्हणजे नेमका या उजळणीचाच अभाव होय.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मी स्वतः तो विषय नव्यानेच शिकवीत होतो. एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरामुळे पलीकडील मुले तीन आठवडे आली नाहीत. ती परतताच मी पुढील पाठ उघडला. अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्ती होती. एक मुलगी फळ्यावरील सर्व शब्द सुबक अक्षरांत उतरवून घेई. वही पाहून मी समाधानी होतो. वर्षअखेरीस कळले की, तिला त्यांतील एकही शब्द वाचता येत नव्हता. ती चूक तिची नव्हती. नव्या शिक्षकाने ती टाळावी, म्हणून पुढील सूचना देत आहे.

१. जूनमध्येच गाभा ठरवावा. काही झाले तरी येणे आवश्यक असे पन्नास-साठ शब्द व दहा-बारा वाक्ये निवडून वर्गात लावावीत. वेळ कमी पडल्यास बाकीचे सोडावे, गाभा सोडू नये.

२. तोंड व हातपाय यांना काम द्यावे. ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’, ‘गिव्ह मी द स्टोन’ अशा आज्ञा कृतीसह घ्याव्यात. कृतीशी जोडलेला शब्द नुसत्या उतरवलेल्या शब्दाहून अधिक काळ टिकतो, असा माझा अनुभव आहे.

३. घरचे पान तयार ठेवावे. एका पानावर चित्रे, शब्द व मराठीत सूचना असावी. इंग्रजी न जाणणाऱ्या पालकासही ते मुलापुढे धरता आले पाहिजे. कोविडकाळात २०२० साली दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारित मालिका दाखविली गेली. ती उपयुक्त होती. पण जेथे घरातील एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जातो व वीज बेभरवशाची असते, तेथे कागदाचे पानच कामी येते.

४. पाड्यावर गट नेमावेत. पाचवी-सहावीच्या मुलाने चार-पाच लहानग्यांकडून रोज पाव तास शब्दांचा खेळ घ्यावा. गट दिवसाउजेडी, अंगणात व मोठ्यांच्या नजरेसमोर बसेल हे पाहावे.

५. बदली शिक्षकासाठी टिपण ठेवावे. निवडणुकीच्या कामास जाण्यापूर्वी कोणत्या मुलास काय येते, हे एका कागदावर लिहून सहकाऱ्याच्या हाती द्यावे.

६. परतल्यावर पहिला आठवडा ऐकण्यासाठी राखावा. त्या आठवड्यात परीक्षा नको, नवा पाठही नको. प्रत्येक मुलास जवळ बसवून चार शब्द वाचून घ्यावेत व तीन आज्ञा द्याव्यात. जेथे मूल अडते, तेथून शिकवणे सुरू करावे. पुस्तक जेथे थांबले होते तेथून नव्हे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस वेगळा निधी लागत नाही. फक्त पूर्वतयारी लागते. येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस प्रत्येक शिक्षकाने आपला गाभा व एक घरचे पान सोबत आणावे. नव्या शिक्षकाशेजारी अनुभवी शिक्षकाने बसावे, आणि दोघांनी मिळून ती पाने दुरुस्त करावीत. पावसाळा कोणासाठी थांबत नाही. परंतु दार पुन्हा उघडेल तेव्हा आत येणारे मूल कोठे उभे आहे, हे ओळखणे आपल्या हाती आहे.